आधी त्या गावातली मुलं बघा

जव्हारला शहरातले बहुतेक लोक पहिल्यांदा जातात ते ऑगस्टअखेर, नाहीतर डिसेंबरात. ऑगस्टअखेर पावसाचा जोर ओसरलेला असतो, दाभोसा धबधबा भरून कोसळत असतो आणि माळावर नागली-वरई हिरवीगार उभी असते. डिसेंबरात हनुमान पॉइंटवरून दरीत साचलेलं धुकं दिसतं, सूर्यमाळला पहाटे शेकोटी पेटते. उंची साडेचारशे मीटरच्या आसपास, वाहनांची वर्दळ बेताची, मुलं मोकळी धावतात. परतीच्या वाटेवर गाडीत मग एक प्रश्न हमखास निघतो : इथंच राहायला आलो तर? घरी बसून काम करता येणाऱ्या आईबापांसाठी हा प्रश्न आता नुसतं स्वप्नरंजन राहिलेला नाही. प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर ‘नाही’च असावं, असंही मी म्हणणार नाही. पण तो चुकीच्या महिन्यात आणि चुकीच्या जागी उभं राहून विचारला जातो. लहान मुलांना घेऊन एखाद्या गावी राहायला जायचं असेल, तर त्या गावचा डोंगर नंतर बघा. आधी आपल्या मुलाच्या वयाची, तिथं जन्मलेली मुलं कशी आहेत ते बघा. त्यांना पाणी कुठून मिळतं, आजारी पडल्यावर ती कुठं जातात, त्यांच्या वर्गात वर्षभर कोण असतं, हे कळलं की आपल्या मुलाचं तिथं काय होईल याचा अंदाज कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरा येतो.

डोंगर नंतर बघा म्हणतो, कारण मुलांना मोकळ्यावर जे मिळायला हवं ते मिळवायला धबधबा लागत नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर झालेला एक मोठा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांत रोज फक्त ४० मिनिटं जास्तीचा वेळ मुलांना मैदानात ठेवलं. तीन वर्षांनी त्या शाळांत लघुदृष्टी, म्हणजे दूरचं अंधुक दिसणं, जडण्याचं प्रमाण ३०.४ टक्के होतं, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. चाळीस मिनिटं उजेडात काढायला अंगण पुरतं. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या कुठल्याही पाड्यावर अंगण आहे, माळ आहे, करवंदाच्या जाळ्या आहेत, चढायला जांभूळ-मोहाची झाडं आहेत. म्हणजे मोकळं रान या कसोटीला इथलं प्रत्येक गाव उतरतं, आणि ज्या कसोटीला सगळेच उतरतात ती निवडीला उपयोगी पडत नाही. दोन पाड्यांमधला फरक ठरतो तो वेगळ्याच गोष्टींवर, आणि त्या सहलीच्या दिवशी दिसत नाहीत.

इथल्या मुलांचा इतिहास माहीत असल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणानं आणि साध्या आजारांनी बालकं दगावली, तेव्हा सगळ्या देशाचं लक्ष इकडं वळलं. त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आलं, योजना आल्या. २०१४ मध्ये ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. तरी २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंची बातमी पुन्हा वाचावी लागली. अंगणवाडीत गेलात तर मुलांच्या वजन-उंचीची नोंद असते आणि ‘सॅम’, ‘मॅम’ हे शब्द तिथल्या सेविका दिवसभर वापरतात : तीव्र कुपोषित आणि मध्यम कुपोषित. यावर एक उत्तर ठरलेलं असतं : ‘इथली मुलं काटक असतात, रानात वाढतात, त्यांना काही होत नाही, मग आमच्या मुलांना काय होणार आहे?’ हे उत्तर चूक आहे, आणि क्रूरही आहे. आपल्याला दिसतात ती जगलेली मुलं. आणि जी जगली ती पायाखालचं रान ओळखणाऱ्या घरांत जगली. कुठली आळिंबी खायची आणि कुठल्या आळिंबीला हात लावायचा नाही, कोणता ओहळ अर्ध्या तासात फुगतो, सरपणाच्या ढिगात हात घालण्याआधी काठी का मारायची, हे त्यांच्या आज्यांनी त्यांना शिकवलंय. आपण पुस्तकी शिक्षण आणि इंटरनेट घेऊन जाणार. ती आजी आपल्यापाशी नाही. उलट ‘आमची परिस्थिती वेगळी आहे, आम्ही मुलांना उपाशी थोडंच ठेवणार?’ असंही कुणी म्हणेल. बरोबर आहे. तुमचं मूल कुपोषित होणार नाही. पण ज्या कारणांनी एखाद्या पाड्यावरची मुलं खंगतात, त्यांतली अर्धी कारणं अन्नाशी नाही, तर पाणी, रस्ता आणि दवाखाना यांच्याशी जोडलेली आहेत, आणि ती तुमच्याही दारात येतील.

पाण्यापासून सुरुवात करा, कारण इथं सगळ्यात मोठी फसगत पाण्याची होते. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलुखात उन्हाळ्यात टँकर लागतो, हे शहरातल्या माणसाला पटत नाही. कारण जमिनीत आहे. काळ्या कातळावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पडलेलं पाणी ओहळांतून दरीत आणि दरीतून धरणात निघून जातं. मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळ वैतरणा नदीवर बांधलेल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी २०१४ पासून मुंबईला मिळतं, आणि त्याच तालुक्यातले पाडे मार्च उलटला की टँकरच्या यादीत येतात. तेव्हा घर बघायला मे महिन्यात जा. भर दुपारी नको, पहाटे पाचला पाड्याच्या विहिरीवर जा. तळाशी कातळ उघडा पडलेला असतो, त्याच्या एका खोबणीत पाणी हळूहळू पाझरत असतं आणि खाली उतरलेली बाई ते वाटीनं उपसून हंड्यात घालत असते. हंडा भरला की वरून दोर सोडतात. काठावर रिकामे हंडे रांगेनं ठेवलेले असतात आणि त्यांच्याशेजारी, आईची वाट बघत, झोपाळलेली पोरं बसलेली असतात. हे ज्या विहिरीवर दिसेल, त्या पाड्यावर घर घेऊ नका. बोअर मारून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका. कातळातली बोअर डिसेंबरात लागते आणि एप्रिलात आटते. जव्हार शहराला जयसागर धरणाचं पाणी नळानं येतं. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा लहान मुलांच्या कुटुंबानं आधी शहरात राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट रात्रीची. पाच वर्षांखालचं मूल रात्री अचानक आजारी पडलं, तर पहिले काही तास महत्त्वाचे असतात. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे, त्यांच्या खाली प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं आहेत. फार गंभीर झालं तर नाशिक, जव्हारहून सुमारे ८० किलोमीटर, घाटातून. रेल्वे दोन्ही तालुक्यांत नाही. म्हणून विचारायचं ते ‘दवाखाना आहे का’ असं नाही. ‘रात्री दोनला बालरोगतज्ज्ञ असतात का, सर्पदंशाची लस आज शिल्लक आहे का, ऑक्सिजन आहे का, १०८ ची गाडी दारापर्यंत येते का’ असं विचारायचं. शेवटचा प्रश्न अजिबात किरकोळ नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या मरकटवाडीत सातव्या महिन्यात बाळंत झालेल्या एका आईची जुळी बाळं दगावली आणि रस्ता नसल्यानं तिला झोळी करून तीन किलोमीटर उचलून न्यावं लागलं. उन्हाळ्यात जिथं जीप जाते, तिथं जुलैत चिखलातून माणूससुद्धा जाईलच असं नाही. साप हा इथल्या पावसाळ्याचा भागच आहे : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मण्यार रात्री घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या मुलाला चावली तर दातांच्या खुणाही नीट दिसत नाहीत. खाट आणि मच्छरदाणी यांचा खर्च इथं घरभाड्याइतकाच आवश्यक समजा. मच्छरदाणी मलेरियासाठीही लागणारच आहे.

‘आमच्याकडे गाडी आहे, पैसा आहे, टँकर मागवू, इन्व्हर्टर बसवू, डॉक्टरांना फोनवर विचारू,’ हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण पैशानं बऱ्याच गोष्टी खरोखर सुटतात. वीज त्यातली एक; पहिल्या वळवात तारा तुटतात आणि वीज कधी येईल ते सांगता येत नाही, तिथं इन्व्हर्टर कामाला येतो. मोबाइलची रेंज दोन कंपन्यांची कार्डं ठेवून काही प्रमाणात सुटते. ज्या खोलीत बसून काम करणार त्याच खोलीत भर पावसात ती तपासा. पण खाजगी टँकर ज्या विहिरीतून भरतो तिचं पाणी कुणाच्या तरी वाट्याचं असतं, आणि शेजारच्या बाईचा हंडा रिकामा असताना आपल्या टाकीत दहा हजार लिटर ओतणाऱ्या घराला त्या पाड्यावर शेजार उरत नाही. गाडीचंही तसंच. जुलैत धुक्यानं समोरचं दहा पावलांवरचं दिसत नाही, घाटात दरड आली की गाडी चांगली असून उपयोग नसतो. पैसा सोय विकत आणतो. रात्री दोनला शंभर पावलांवर जागा असलेला माणूस तो आणत नाही.

शाळेचा विचार करताना बहुतेक आईबाप ‘इंग्रजी माध्यम आहे का’ इथं अडतात. त्याआधी विचारण्यासारखं बरंच आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांत साठपर्यंत मुलं असली तर दोन शिक्षक मिळतात. पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत म्हणजे एका खोलीत दोन-तीन इयत्ता शेजारी शेजारी बसलेल्या असतात. हे आपोआप वाईट नसतं. शिक्षक मनापासून शिकवणारा असेल तर मोठी मुलं धाकट्यांना शिकवतात आणि दोघंही शिकतात. नसेल तर दोघंही बसून राहतात. उघड्या माळावर शिकवण्याची मोठी परंपरा याच जिल्ह्यातली आहे. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि पुढं अनुताई वाघांसोबत कोसबादच्या टेकडीवर गेल्या. बालवाडी मुलांच्या अंगणात नेऊन त्यांनी अंगणवाडी रुजवली, आणि गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. निसर्गात शिक्षण हवं म्हणून शहर सोडणाऱ्यांनी या कामाचा अभ्यास जरूर करावा. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी : कुरणशाळा चालली ती शिक्षक त्याच टेकडीवर राहत होते म्हणून. आजच्या निवडीसाठी त्यातून एक साधी कसोटी निघते. त्या गावातले शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक कुठं राहतात आणि त्यांची स्वतःची मुलं कुठल्या शाळेत जातात? ते नाशिकहून रोज ये-जा करत असतील तर त्यांना दोष देत बसू नका. पण ज्यांना ते गाव आतून माहीत आहे त्यांनी आपल्या मुलांबाबत काय ठरवलंय, हा पुरावा समजा. शिक्षकांची पोरं जिथं गावच्याच शाळेत जातात, ती शाळा डोळे मिटून निवडावी.

भाषेची भीती मात्र अनाठायी आहे. घरी वारली, कोकणा किंवा ठाकरी बोलणारी मुलं शाळेत मराठी शिकतात. मुंबईच्या फ्लॅटमधून आलेलं मूल सहा महिन्यांत त्यांच्यातली एक बोली उचलतं. मुलाच्या डोक्यावर तो भार होत नाही, त्याच्या पदरात आणखी एक भाषा पडते.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती कुणी सांगत नाही. दिवाळी झाली, भात-नागली घरात आली की या तालुक्यांतली कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पोरं बरोबर जातात, नाहीतर म्हाताऱ्या आजीपाशी राहतात. हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती ज्या शाळेत नीट चालते तिथं गळती कमी असते. आता आपल्या मुलाच्या जागी उभं राहून बघा. जूनमध्ये शाळा सुरू झाली, एक जिवाभावाचा मित्र मिळाला, त्यानं खेकडे पकडायला शिकवलं, आणि नोव्हेंबरात एका सोमवारी त्याची जागा रिकामी. सहा-सात वर्षांच्या मुलाला सोबतीची गरज धबधब्यापेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून शाळा ऑगस्टात बघितलीत तरी हजेरीपट फेब्रुवारीचा मागा. वर्गात जूनला किती आणि फेब्रुवारीला किती, हे दोन आकडे शेजारी ठेवले की पाड्यावर वर्षभर हाताला काम आहे की नाही तेही कळतं. ज्या गावांत आंबा-काजूच्या वाड्या उभ्या राहिल्या किंवा मोगऱ्याची लागवड झाली, तिथं माणसं टिकली आणि त्यांच्याबरोबर मुलंही टिकली. मोखाड्यापेक्षा जव्हार-विक्रमगडकडे मोगऱ्याच्या अशा बागा जास्त आढळतील.

जमिनीबद्दल थोडक्यात पण ठामपणे सांगतो. दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालच्या अनुसूचित क्षेत्रात येतात, पेसा कायदा लागू आहे आणि ग्रामसभेला खरा अधिकार आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला विक्री, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा अशा कुठल्याही मार्गानं मंजुरीशिवाय देता येत नाही. विक्रीला तर राज्य शासनाची पूर्वमान्यता लागते. वनहक्क कायद्यानं मिळालेला वनपट्टा वारसानं जातो, विकता येत नाही. जी थोडी बिगर-आदिवासी शेतजमीन आहे ती घ्यायलाही तुम्ही शेतकरी असावं लागतं. तेव्हा ‘नोटरी करून घेऊ’, ‘नव्व्याण्णव वर्षांचा करार करू’, ‘ताबा पावती देतो’ असं म्हणणारा दलाल भेटला तर तिथून उठा. हा कायदा तुमच्या स्वप्नाच्या आड येतो असं वाटत असेल, तर तो कुणाच्या मुलांच्या पायाखालची जमीन राखतो ते बघा. भाड्यानं राहा. जव्हार शहर १९१८ पासून नगरपालिकेचं गाव आहे, २०११ च्या जनगणनेत लोकवस्ती सुमारे बारा हजार होती, आणि तिथं भाड्याचं घर कायदेशीरपणे मिळतं.

बाहेरच्या सुखवस्तू कुटुंबांनी इथं यावंच कशाला, हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे. ते येतील, भाडी वाढवतील, पाणी ओढतील, कुंपणाआड राहतील. कुंपणाआड राहायचं असेल तर येऊ नये, हे मला मान्य आहे. पण जे कुटुंब आपलं मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत घालतं, लस उपकेंद्रात टोचून घेतं, शाळा व्यवस्थापन समितीत बसतं आणि बालरोगतज्ज्ञाची जागा रिकामी का म्हणून अर्ज करतं, त्याच्यामुळं शेजारच्या मुलाचंही काही तरी सुधारतं. आणि बदल्यात मिळतं ते मोठं आहे. मोखाड्याचा बोहाडा बघा : उत्सवाच्या रात्री देवादिकांचे मुखवटे चढवून माणसं संबळाच्या तालावर नाचत येतात, ठरावीक सोंग ठरावीक घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं, आणि आईच्या मांडीवर पेंगणारी पोरं त्या ठेक्यानं डोळे उघडतात. तारप्याभोवतीच्या नाचात लहानांना वेगळं बसवत नाहीत. साखळीत हात मिळेल तिथं मूल शिरतं. मुलांना धरून असणारा समाज म्हणजे काय, हे शहरातल्या कुटुंबानं इथं शिकावं. फक्त रानात त्यांना एकटं सोडू नये. जुलै २०२० मध्ये जव्हारजवळच्या काळमांडवी धबधब्यात पाच तरुण बुडाले, आणि ती लहान मुलं नव्हती. स्थानिक पोरगं ज्या डोहात उडी मारत नाही, त्या डोहाच्या काठावरही आपलं मूल नको.

एवढं सगळं धरून मी सुचवेन ते असं. मूल सहा वर्षांखालचं असेल तर जव्हार शहर, आणि तेही रुग्णालयापासून पायी अंतरावर. मूल मोठं असेल आणि त्र्यंबक-नाशिककडे नातेवाईक असतील तर मोखाडा गाव. कसाऱ्याच्या लोकलवर अवलंबून असाल तर खोडाळ्याचा विचार होऊ शकतो. सूर्यमाळ आणि त्याच्या आसपासचे पाडे सुट्टीसाठी ठेवा. अकरा महिन्यांचा भाडेकरार एप्रिलपासून करा, जूनपासून नको : म्हणजे टंचाईचे दोन महिने अनुभवाला येतात, पाठोपाठ पूर्ण पावसाळा येतो, भिंतीला ओल कुठवर चढते आणि कपडे किती दिवस वाळत नाहीत ते कळतं, आणि दिवाळीनंतर गाव रिकामं होताना दिसतं. त्या काळात शहरातलं घर विकू नका, जुन्या शाळेचा दाखला मात्र काढून आणा, नाहीतर मूल वर्षभर पाहुणाच राहील. फेब्रुवारीत करार संपायला आला की घरमालकाशी बोलण्याआधी मुलाला विचारा की सुट्टीत त्याला कुणाच्या घरी राहायला जायचंय. त्यानं शेजारच्या आळीतल्या कुणाचं नाव घेतलं तर करार वाढवा.